शेवटच्या तारेवरचा नी

प्रश्न विचारणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि चार वर्षं गिटार वाजवतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, अमेरिकन फुटबॉल या बँडचं 'नेव्हर मेंट' हे गाणं टॅब, म्हणजे तारा-पडद्यांचा तक्ता, बघून अख्खं बसवलं. ट्यूनिंग तेच लावलं, सूर कुठेही चुकत नाही. तरी ते गाणं वाटत नाही, मोबाइलची रिंगटोन वाटते. माझं काय चुकतंय? आणि जो बँड धड तीन वर्षं टिकला, एक अल्बम काढून ज्याने गाशा गुंडाळला, त्याचं लोक पंचवीस वर्षांनी एवढं कौतुक का करतात?"

रिंगटोन हा शब्द तू अगदी नेमका वापरलास. मी बरीच वर्षं गिटार शिकवते, आणि हे गाणं घेऊन येणारी बहुतेक मुलं मला हेच ऐकवतात: सगळे सूर जागेवर, सगळे सारख्याच जोराने, आणि मध्ये श्वास घ्यायला फट नाही. तुझे दोन प्रश्न तुला वेगळे वाटतात, पण माझ्या मते त्यांचं उत्तर एकाच जागी आहे. फक्त तिथे जायला जरा लांबून यावं लागेल. गिटार बाजूला ठेव.

आधी बँड. शिकागोपासून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटर गेलं की शँपेन आणि अर्बाना ही जोडशहरं लागतात. सभोवार तव्यासारखी सपाट जमीन, मका आणि सोयाबीन, आणि मधोमध इलिनॉय विद्यापीठ. १९९७ मध्ये तिथे शिकणाऱ्या तिघांनी हा बँड सुरू केला. माइक किन्सेला गिटार वाजवायचा आणि गायचा, स्टीव्ह होम्स दुसरी गिटार, आणि स्टीव्ह लेमोस ड्रम्स. लेमोस अधूनमधून ड्रम्स सोडून ट्रम्पेट उचलायचा. १९९८ मध्ये तीन गाण्यांची एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आली, सप्टेंबर १९९९ मध्ये नऊ गाण्यांचा अल्बम. दोन्ही पॉलीव्हिनिल या लेबलने काढले. ते लेबलही तिथलंच, अर्बानाजवळच्या डॅनव्हिल गावात सुरू झालेलं. अल्बमला वेगळं नाव द्यायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. बँडचं नाव तेच अल्बमचं. नावाचा खेळाशी काही संबंध नाही, हे सांगून ठेवते, नाहीतर शोधताना तुला हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी दिसतील.

अल्बम दुकानात पोचेपर्यंत बँड जवळपास संपला होता. भांडण नाही, नशापाणी नाही, कंपनीशी वाद नाही. शिक्षण संपत आलं, ज्याला त्याला आपापल्या वाटेने जायचं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी जमलेला ग्रुप शेवटच्या परीक्षेनंतर जसा पांगतो, तसे ते पांगले. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

या बँडच्या संगीताला लोक 'इमो' म्हणतात. आता त्या शब्दाचं काय करायचं? तुझ्या पिढीला तो शब्द ऐकला की डोळ्यांत काजळ, कपाळावर तिरपे काळे केस आणि न्यू जर्सीचे गर्दी खेचणारे बँड आठवतात. ते सगळं नंतरचं. मूळ शब्द वॉशिंग्टन शहरातल्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यातला. तिथल्या हार्डकोअर पंकवाल्यांपैकी, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक वाजवणाऱ्यांपैकी काहींनी, त्यात राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड प्रमुख, राजकारणावर ओरडणं सोडून स्वतःच्या मनातलं ओरडायला सुरुवात केली. म्हणून 'इमोशनल हार्डकोअर', आणि त्याचं चिडवायला केलेलं लघुरूप 'इमो'. हे नाव त्यातल्या जवळजवळ कुणालाच आवडलं नाही. नव्वदच्या दशकात ते लोण मध्य-पश्चिमेत, म्हणजे इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिझुरी वगैरे भागात पोचलं आणि तिथे त्याची धार बोथट होत गेली. मी हे चांगल्या अर्थाने म्हणतेय. आरडाओरडा कमी झाला, गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन, उतरत गेला आणि एकेक तार सुटी ऐकू यायला लागली. मिलवॉकीचा द प्रॉमिस रिंग, शँपेन-अर्बानाचाच ब्रेड, मॅडिसनचा रेनर मारिया ही त्याच काळातली शेजारपाजारची मंडळी.

या सगळ्यांच्या मागे एक बँड आहे, तोही अल्पायुषी: कॅप'न जॅझ. शिकागोच्या उपनगरातली शाळकरी पोरं, १९८९ ला सुरुवात. गायक टिम किन्सेला, आणि ड्रम्सवर त्याचा धाकटा भाऊ माइक, वय साधारण बाराचं. १९९५ मध्ये त्यांचा एकुलता एक अल्बम आला, ज्याचं नाव एवढं लांब आहे की पूर्ण लिहिलं तर हा परिच्छेद तिथेच संपेल, आणि त्याच वर्षी बँड फुटला. ऐकलास तर पहिल्या मिनिटाला तुला वाटेल की पोरं जिन्यावरून गडगडत खाली येतायत. टिम सुरात गातो असं म्हणणं धाडसाचं होईल. पण व्हिक्टर व्हियारियालची गिटार ऐक. ती कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले सूर, वाजवतच नाही, सतत बडबडत राहते. त्या एका फुटीतून प्रॉमिस रिंग निघाला, जोन ऑफ आर्क निघाला, पुढे आउल्स निघाला, आणि आपला अमेरिकन फुटबॉल.

इथे मला थांबायचंय. अमेरिकन फुटबॉलमध्ये येईपर्यंत माइक किन्सेलाची ओळख ड्रमर अशीच होती. कॅप'न जॅझमध्ये ड्रम्स, जोन ऑफ आर्कमध्येही ड्रम्स. गिटार घेऊन पुढे उभं राहणं, गाणं, हे त्याला नवं होतं. मला वाटतं, त्या गिटारमध्ये जे वेगळं ऐकू येतं त्यातलं बरंचसं इथून येतं. तबलजी गायला बसला की शब्दांआधी मात्रा मोजतो, तसं. त्याच्या बोटांखाली स्वर ठेक्यासारखे पडतात: कुठला ठळक, कुठला नुसता स्पर्श करून सोडलेला, कुठला मुद्दाम गाळलेला. तू टॅब वाचतोस तेव्हा तुला तार आणि पडदा दिसतो. जोर दिसत नाही. टॅबमध्ये तो लिहायची सोयच नाही. रिंगटोनचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण ट्यूनिंगमध्ये दडलंय. सगळे ते लावतात, पण फार थोडे ते ऐकतात.

नेहमीच्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई. 'नेव्हर मेंट'ला त्या एफ, ए, सी, जी, सी, ई अशा लागतात. सहावी अर्धा स्वर वर, चौथी एक स्वर खाली, दुसरी अर्धा स्वर वर; बाकी तीन जिथल्या तिथे. माझी पहिली वेळ मला चांगली आठवते. ट्यूनरवर 'सी' उमटायची वाट बघत मी चौथी तार पिळत वर नेत राहिले. ई आला, एफ आला, माझा आपला उत्साह तसाच. मग फाडकन तार तुटली आणि मनगटावर लालभडक वळ उठला. सी खाली होता, दोन पडदे मागे. हल्लीची मुलं हुशार आहेत असं म्हणून मी गप्प बसायचे, पण मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर हुबेहूब हेच केलं, त्यामुळे सांगून ठेवते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दोन तारा ताणल्या आणि एक सैल सोडली की मानेवरचा ताण बदलतो, म्हणून सहाही तारा एकदा लावून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या. तुझ्या गिटारला तरंगता ब्रिज असेल, म्हणजे दांडी दाबून सूर हलवता येतो तसला, तर दोनदा नाही, चारदा. एक तार नीट केली की बाकीच्या पाच रुसतात. दहाच्या, म्हणजे बारीक तारांच्या सेटवर चौथी तार लुळी पडते; जोरात छेडलीस तर सूर आधी वर उडतो, मग जागेवर येतो. एकतर सेट अंमळ जाड घे, नाहीतर हात हलका ठेव. मी हात हलका ठेवायला सांगते, कारण ते या गाण्याला हवंच आहे.

आता ऐकण्याचा भाग. घरात पेटी असेल तर काढ. पांढरी चारचा सा धर. गिटारच्या मोकळ्या तारा वरून खाली सोड: सा, ग, प, आणि पुढच्या सप्तकातले रे, प, नी. शेवटची तार शुद्ध निषादावर येऊन थांबते. वरचा सा फक्त एक पडदा पुढे आहे, पण मोकळ्या तारेवर तो नाहीच. आपला कान निषाद ऐकला की सा मागतो. लहानपणापासून तसं वळण पडलेलं असतं. इथे तो मागतच राहतो. लोक या अल्बमला उदास म्हणतात, हुरहुर लावणारा म्हणतात, त्यातला बराचसा भाग शब्दांत नसून या एका न आलेल्या षड्जात आहे असं माझं मत आहे.

गंमत अजून पुढे आहे. सा पांढरी चारवरून उचल आणि पांढरी एकवर ठेव. त्याच तारा आता म, ध, सा, प, सा, ग होतात आणि शेवटचा स्वर एकदम निवांत बसतो. जाड तीन तारा एफ-ए-सी, म्हणजे सरळ एफ मेजर कॉर्ड. बारीक तीन जी-सी-ई, म्हणजे सी मेजर. एकाच गिटारवर खालच्या मजल्यावर एक बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर दुसरं. अंगठा खाली चालतो आणि बोटं वर, त्यामुळे कान सतत ठरवत असतो की आपण नक्की कुणाच्या घरी आहोत. पाश्चात्य भाषेत या सहा तारांना एफ मेजर नाइन म्हणतात आणि पुढे जातात. नाव बरोबर आहे, पण त्याने तुझ्या हाताला काही कळत नाही. दहा मिनिटं काहीही न दाबता नुसत्या मोकळ्या तारा छेड, अंगठा एका जोराने आणि बोटं निम्म्या जोराने. मग दोन मजले वेगळे ऐकू येतील. तू सगळ्या तारा एकाच जोराने वाजवतोस, त्यामुळे दोन्ही बिऱ्हाडं एका खोलीत कोंबली जातात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, आणि त्यावर तुझा सरावही चालणार नाही. तू ते एकटा वाजवतोयस.

टॅबमध्ये गिटार एक आणि गिटार दोन असं लिहिलेलं असतं. तू, मला खात्री आहे, एक वाजवतोस आणि दोनमधले छान वाटलेले तुकडे त्यात बसवतोस. सगळेच करतात. पण किन्सेला आणि होम्स एकच ओळ दोघांत वाटून घेतात. एक जिथे थांबतो तिथे दुसरा बोलतो. पुष्कळदा तुला ऐकू येणारी चाल दोघांपैकी एकाच्याही हातात पूर्ण नसते, ती दोघांच्या मध्ये हवेत तयार होते. जातं ओढणाऱ्या दोघी बायका आठव. खुंट्याला दोघींचे हात असतात, पण अर्धा फेरा एकीचा आणि अर्धा दुसरीचा. दोघींनी एकदमच जोर लावला तर जातं अडतं. स्टीव्ह राइश या न्यूयॉर्कच्या संगीतकाराचा प्रभाव बँडने स्वतःच सांगितलेला आहे. राइशची युक्ती अशी की छोटे छोटे तुकडे फिरत ठेवायचे, प्रत्येकाची लांबी किंवा सुरुवात वेगळी, आणि त्यांच्या घर्षणातून तिसरंच काही ऐकू येऊ द्यायचं. या तिघांनी ते गॅरेजमधल्या पोरांना जमेल एवढ्यावर आणलं.

माझ्या क्लासमध्ये मी हे एका खेळाने शिकवते. दोन गिटार घ्यायच्या. एकाने सहा मात्रांचा तुकडा फिरवायचा, दुसऱ्याने चार मात्रांचा. एकाच वेळी सुरू करायचं. पहिल्याची दोन आवर्तनं होतात तेव्हा दुसऱ्याची तीन होतात, आणि बारा मात्रांनी दोघे समेवर भेटतात. मधल्या मात्रांत एकमेकांकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी हमखास कुणीतरी घाबरून दुसऱ्याच्या तुकड्यात शिरतं. तीनचार दिवसांनी दोघांना कळतं की समेवर भेट होणारच आहे, तोवर आपण आपलं बघावं. ते कळलं की हात सैल पडतात आणि आवाज बदलतो. तुला जो आवाज हवाय तो हाच. कुठल्याही पेडलमध्ये तो मिळत नाही. आवाज स्वच्छ ठेव, डिले-रिव्हर्बचा, म्हणजे प्रतिध्वनीचा, चिखल करू नकोस, आणि फार तर लहानमोठे सूर जवळ आणणारा कॉम्प्रेसर जरासा लाव. तोही मोठे सूर जास्त दाबणार नाही एवढाच.

आणि बेस? प्रत्यक्ष कार्यक्रमात तेव्हा बेस नव्हताच. तिघेच. अल्बममध्ये जिथे बेस ऐकू येतो तो किन्सेलाने स्टुडिओत वेगळा वाजवून चढवलेला. बेस नाही म्हटल्यावर तळाची जागा रिकामी राहते. तिथे दुसरा कुणी घाईघाईने शिरला असता तर हा अल्बम दहा अल्बमांसारखा झाला असता. यांनी ती जागा मोकळी सोडली, आणि लेमोसचे ड्रम्स तिथे हवं तसं फिरले. लेमोस जॅझ ऐकलेला माणूस. तो मागे बसून ठेका धरत नाही, गिटारशी वाद घालतो. 'नेव्हर मेंट' पुन्हा लाव आणि या वेळी ड्रम्समधल्या फक्त झांजा आणि कडक वाजणारा लहान ड्रम, म्हणजे हाय-हॅट आणि स्नेअर, ऐक. गिटार नाहीच असं समज. गाणं सुरू होण्याआधी स्टुडिओतली थोडी गडबडही ऐकू येते, ती कुणी कापून टाकली नाही. आपल्याकडे एखाद्या ध्वनिमुद्रणात गवयाचा घसा साफ केल्याचा आवाज राहून जातो ना, तसं. आता आपण त्या खोलीत आहोत असं वाटतं.

गाणं, म्हणजे शब्द, या सगळ्यात शेवटी आले. वाजवणं आधी पूर्ण झालेलं, शब्द रेकॉर्डिंगच्या तोंडावर. ते ऐकताना जाणवतंही. 'स्टे होम' आठ मिनिटांचं आहे आणि त्यात गायक येईपर्यंत तुझा चहा पिऊन होतो. 'यू नो आय शुड बी लीव्हिंग सून' आणि शेवटचं 'द वन विथ द वुर्लिट्झर' यांत तर शब्दच नाहीत. जिथे आहेत तिथे किन्सेलाचा आवाज बारीक, कोवळा, थोडा लाजरा. डायरीतून फाडलेल्या पानांसारख्या ओळी. उन्हाळा संपतोय, कोणीतरी निघालंय, बोलायचं राहिलं ते राहिलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने लिहिलंय हे लगेच कळतं, आणि काही ओळी मला आज थोड्या ओशाळवाण्याही वाटतात. पण 'द समर एंड्स'मध्ये लेमोसचा ट्रम्पेट सुरू होतो तेव्हा माझं हे सगळं शहाणपण बाजूला पडतं. तो फार सफाईने वाजवत नाही. सूर किंचित थरथरतो, श्वास ऐकू येतो. सफाईदार वादक आणून बसवला असता तर तो भाग ऐकवला नसता.

आता तुझा दुसरा प्रश्न. हे सगळं जे मी सांगितलं, रिकामी जागा, उशिरा आलेले शब्द, न कापलेली गडबड, ओळखीचं वाद्य सोडून नव्याला हात घालणं, ते सगळं ज्यांना पुढे काही करायचं नव्हतं त्यांनाच परवडतं. दौरा नव्हता, दुसऱ्या अल्बमचा करार नव्हता, कुणाला खूश करायचं नव्हतं. तिघांनाही माहीत होतं की परीक्षा झाली की संपलं. बँड टिकवायचा असता तर पहिल्या वर्षातच कुणीतरी म्हणालं असतं की बेसवाला आणा, शब्द आधी लिहा, आठ मिनिटांचं गाणं चारवर आणा. शहाणा सल्ला असता तो. मीही तोच दिला असता.

बाकीचं काम काळाने केलं. बँड नव्हता, म्हणून मुलाखती नव्हत्या, नवे फोटो नव्हते, वाईट दुसरा अल्बम नव्हता. अल्बम हातोहात आणि पुढे फाइलींतून फिरत राहिला. एक सीडी माझ्यापर्यंत आली ती माझ्या मावसभावाकडून. तो २००४ ते २००६ त्याच विद्यापीठात एमएस करत होता. आपल्याकडची किती मुलं तिथे जातात तुला माहीतच आहे. त्याच्या रूममेटने ती त्याला कॉपी करून दिली होती, वर मार्करने नुसतं 'ए.एफ.' लिहिलेलं. कव्हर नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी मी त्याला कव्हरचा फोटो पाठवला: रात्रीचं हिरवट आकाश, खालून घेतलेलं एक पांढरं लाकडी घर, वरच्या एका खिडकीत दिवा. त्याचा लगेच फोन. "अगं, या घरावरून मी सामान आणायला जायचो!" दोन वर्षं. ते गाणं कानात घालून, त्या घरासमोरून. आणि याला पत्ता नाही.

ते घर अर्बानाच्या वेस्ट हाय स्ट्रीटवर आहे, विद्यार्थी भाड्याने राहतात तसल्यांपैकी एक. बँडमधलं तिथे कुणी राहत नव्हतं. ओळखीच्या लोकांचं घर. फोटो क्रिस स्ट्राँगचा. आज जगभरातून लोक त्या फुटपाथवर उभे राहून मान वर करून फोटो काढतात. २०२३ मध्ये ते घर पाडलं जाऊ नये म्हणून बँड, पॉलीव्हिनिल, स्वतः स्ट्राँग आणि आणखी काहींनी मिळून विकत घेतलं. भाड्याचं घर वाचवायला बँडने पैसे घालणं हे मला अजूनही थोडं विनोदी आणि फार गोड वाटतं.

मधल्या काळात, साधारण २००८ नंतर, तरुण बँडांची एक लाट आली, जिला लोक इमो रिव्हायव्हल म्हणतात. पेनसिल्व्हेनियाचा अल्जर्नॉन कॅडवॉलडर, मिशिगनचा एम्पायर! एम्पायर!, मिनेसोटाचा टायनी मूव्हिंग पार्ट्स. यांच्यातले काही कॅप'न जॅझच्या जिन्यावरून गडगडत आले, काही अमेरिकन फुटबॉलच्या खिडकीतून. उघडी ट्यूनिंग, चमचमत्या गिटार, मध्येच ट्रम्पेट. 'ट्विंकली' हा शब्द तेव्हापासून गिटारवाल्यांच्या तोंडात बसला. त्यात नकलाही रग्गड झाल्या. ट्यूनिंग उचलणं सोपं. गप्प बसणं अवघड. पुष्कळ बँडांनी ट्यूनिंग घेतलं आणि प्रत्येक फट सुरांनी बुजवून टाकली. तुझ्या रिंगटोनचे पूर्वज तेच.

मूळ बँड २०१४ मध्ये पुन्हा उभा राहिला. अल्बमची नवी आवृत्ती निघाली, न्यूयॉर्कच्या वेब्स्टर हॉलमध्ये एकाचे तीन कार्यक्रम झाले. या वेळी बेस होता: माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला. मधल्या वर्षांत माइक 'ओवेन' या नावाने एकट्याने गात होता, आणि लेमोस कोलोरॅडोला विद्यापीठात शिकवत होता. २०१६ ला दुसरा अल्बम, २०१९ ला तिसरा. दुसरा मला थोडा भिडस्त वाटतो, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखा. तिसरा चांगला आहे, खरंच चांगला; तो पहिल्यासारखं व्हायचा प्रयत्न सोडून देतो, सूर लांबवतो, आणि 'अनकम्फर्टेबली नंब'मध्ये पॅरामोर बँडची हेली विल्यम्स येऊन गाते. चाळिशीतली माणसं चाळिशीतल्या गोष्टी बोलतात. २०२४ मध्ये पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली तेव्हा इतरांनी गायलेली त्याचीच गाणी घेऊन एक वेगळा अल्बम निघाला. त्यात 'नेव्हर मेंट' आयर्न अँड वाइनने केलंय आणि 'फॉर शुअर' एथेल केनने. एथेल केनचं ऐकच. तिने गाणं इतकं ताणलंय की मूळ जागा अजूनच मोकळी झाली. कुणाला काय ऐकू आलं होतं ते त्यातून कळतं.

तर तू काय करायचंस. 'नेव्हर मेंट' महिनाभर बंद. त्याऐवजी 'ऑनेस्टली?'च्या शेवटचा लांब भाग घे, जिथे शब्द संपतात आणि गिटार फिरत राहतात. तिथे कोण काय वाजवतंय ते नुसतं ऐकून कागदावर मांड. टॅब बघायचा नाही. डावा कान आणि उजवा कान वेगळे ऐक, हेडफोनची एक बाजू काढून. काही जागी तुला वाटेल की इथे एक सूर राहिलाय, भरून काढू. भरू नकोस. तिथे एक टिंब दे आणि पुढे जा.

तुझ्या निरोपात तू लिहिलंस की तुमच्या कॉलेजच्या बँडमध्ये एक गिटारवाला मित्र आहे, एक बेसवाला आहे, आणि ड्रमर परीक्षेमुळे गायब आहे. रविवारी सकाळी दहाला या. गिटारवाल्या मित्राला आण, सहा-चारच्या खेळापासून सुरू करू. बेसवाल्याला सांग, अजून दोन महिने तरी त्याची सुट्टी आहे. आणि चौथी तार खाली, वर नाही.